करड्या कोटातलं पेन

१२ जानेवारी

बाई, नमस्कार.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर पाकीट उलटसुलट करत बसाल. तुमच्या लाँड्रीसमोरच्या शाळेत मी कारकून होतो. अक्षरावरून सगळे मला मोतीकाका म्हणायचे. निवृत्त झालो, एकट्याने स्वयंपाक जमेना, म्हणून चार वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला आलो.

निघायच्या गडबडीत माझा करडा कोट तुमच्याकडे धुवायला होता. तो आमचे जावई घाईघाईने घेऊन आले. त्याच्या आतल्या खिशात माझं काळं शाईचं पेन राहिलं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं, सामान हलवताना कुठेतरी पडलं. जाड पेन आहे. टोपणाला चीर गेलेली, तिथे मी दोरा गुंडाळून वर लाख लावली होती.

आता एवढ्या उशिरा का विचारतो, तेही सांगतो. मुलीच्या घरी मला काही कमी नाही. नातवाला उचलू नका, कमरेत भरेल. गॅसपाशी जाऊ नका. बाजारात एकटे जाऊ नका. सगळे माझी काळजी घेतात आणि ती करवून घेणं एवढंच काम मला उरलंय. अशात इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. वार्षिक समारंभाच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावं त्यांना हाताने लिहिलेली हवी आहेत. मी हो म्हणून बसलो. त्या दिवशी जेवताना मुलीने चार वेळा सगळ्यांना सांगितलं, बाबांना काम आलंय.

पण हात थरथरतो. नवी पेनं आणून बघितली, निरोप समारंभातलं सोनेरीही बघितलं, अक्षर जागेवर राहत नाही. त्या जुन्या पेनात मात्र चाकोरीतून गाडी जावी तसा हात जायचा. इतक्या वर्षांत निब माझ्या हातासारखी झिजली होती.

सापडलं तर कळवा. पोस्टाचा खर्च मी पाठवीन.

तुमचं जुनं गिऱ्हाईक,
मोतीकाका


२० जानेवारी

ताई,

तुझ्या गुडघ्याचं शेवटी विचारते, आधी माझं ऐक. पत्र आलंय. सोबत पाठवलंय ते वाच आणि जपून ठेव.

माझा पेनांचा डबा तुला माहीत आहे. तू हसतेस, म्हणतेस बायका बांगड्या जमवतात, ही मेली पेनं जमवते. हसू दे. कपडा पाण्यात जायच्या आधी खिसा उलटा करणं हे माझं काम, एक शाईचं पेन राहिलं तर घाणाभर कपडे निळे होतात. सापडलेलं वर्षभर फळीवर ठेवते, कोणी विचारत आलं तर देते, नाही आलं तर ते माझं. डॉक्टरीणबाईंचं लाल बारीक पेन आहे, विमावाल्याचं क्लिपवर घोडा असलेलं आहे, एक तर काचेसारखं आहे, आतली शाई दिसते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सगळी काढते, पुसते, परत ठेवते. लिहीत नाही कशानेच. लिहिते फक्त या दोरेवाल्याने.

हे त्यांचं पेन आहे ताई. मोतीकाकांचं. मी ते फळीवर ठेवलं होतं, देईन म्हणून. जावई आला तो स्कूटर चालूच ठेवून, कोट ओढला आणि गेला. मी हाक मारेपर्यंत कोपऱ्यावर.

पुढच्या वर्षी आमचे हे गेले आणि पावत्या माझ्या गळ्यात पडल्या. मी तिसरीत शाळा सोडलेली, सहीपुरतं येत होतं. पहिल्या पावत्या बघून एक गिऱ्हाईक म्हणालं, बाई, हे कोंबडीने लिहिलंय का? सगळ्या दुकानासमोर. मी डब्यातलं एकेक पेन काढून बघितलं. कोणी टोचतंय, कोणी घसरतंय. हे धरलं आणि हात बसला. ते दुसरीकडे वळतच नाही, कोणी मनगट धरून लिहून घ्यावं तसं होतं. दोन महिन्यांत माझं अक्षर असं झालं की लोक विचारायला लागले, बाई, किती शिकलात? मी म्हणायचे, विचारू नका, पावती घ्या.

आता सांग, हे मी कसं देऊ? त्यांचं आहे, मला कळतं. पण ते गेलं तर मी परत कोंबडी. त्यांना काय, नावं लिहायची आहेत चार. नातू आहे, मुलगी आहे, बसून खायचं आहे. मला दुकान चालवायचं आहे.

मी देत नाही. नाही म्हणून कळवते.

गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसतंच रडतेस?

तुझी धाकटी


२२ जानेवारी

मोतीकाका, नमस्कार.

मायना कसा लिहितात मला येत नाही, म्हणून सरळ विषयावर येते. तुमचं पत्र मिळालं. तुमची आठवण आहे. कॉलरला कडक इस्त्री, बाह्यांना साधी.

पेन नव्हतं. खिसे मी स्वतः उलटे करून बघते, नोकरावर सोपवत नाही. माझ्याकडे वस्तू जात नाही, गेली वीस वर्षं हे दुकान त्याच नावावर चाललंय. करडा कोट मला आठवतो, त्याच्या आतल्या खिशात काही नव्हतं, बसचं तिकीट होतं फक्त. तुमचे जावई फार घाईत होते. त्यांना विचारून बघा. घाईत माणूस खिशातून काढतो आणि कुठेतरी ठेवतो.

पेनाचं एवढं काय मनाला लावून घेता. बाजारात ढिगाने आहेत. दुकानात जा, दहा पेनं हातात धरून बघा, एक तरी बसेल.

नातवाला उचलू नका ते बरोबरच सांगतात.

लाँड्रीवाली बाई


३ फेब्रुवारी

बाई, नमस्कार.

तुमचं दोन पानी पत्र मिळालं. इतकं मोठं पत्र मला बऱ्याच वर्षांनी आलं. पूर्वी पावत्या तुमचे यजमान लिहायचे. ते गेल्याचं मला इथे आल्यावर उशिरा कळलं, समाचाराला येता आलं नाही, त्याची चुटपुट आहे. तुम्हाला लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुमचं अक्षर फार चांगलं आहे. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. हे उगाच म्हणत नाही, जन्मभर अक्षरंच बघितली.

पेन नाही म्हणालात, ठीक आहे. पण वस्तू कधीकधी दुसऱ्याच डब्यात निघतात, म्हणून त्याची खूण लिहून ठेवतो. माझी निब डावीकडे झिजलेली आहे आणि टोकाशी जरा फाकली आहे. त्यामुळे उभी रेघ खाली येताना जाड होते आणि शेवटी तिचं शेपूट दोन केसांसारखं फुटतं. असं दुसरं पेन मी पाहिलेलं नाही. कागदावरची ती रेघ मला हजारात ओळखू येईल.

सापडलं तर पाठवून द्या. कुठे सापडलं, कसं सापडलं, मी काही विचारणार नाही. कोरे कागद मार्चच्या मध्यावर माझ्या हाती येणार आहेत, तोवर वेळ आहे. मुलीने माझ्यासाठी खिडकीपाशी टेबल लावलंय. दुधाच्या पिशव्या ठेवायला ते दुसरीकडे हवं होतं, पण जावई म्हणाले, बाबांचं काम होईपर्यंत राहू द्या इथे.

तुम्ही लिहीत राहा. हात सोडू नका.

मोतीकाका


९ फेब्रुवारी

ताई,

वाचले. थोडक्यात वाचले. सांगते.

म्हाताऱ्याचं दुसरं पत्र आलं, तेही सोबत पाठवलंय. त्यात निबेची खूण लिहिली आहे, उभ्या रेघेचं शेपूट फुटतं म्हणून. मी पावतीपुस्तक उघडलं आणि बघत बसले. प्रत्येक रेघेला शेपूट. इतकी वर्षं मी लिहिते आणि मला दिसलं नव्हतं. मी त्याला दोन पानं भरून ‘पेन नव्हतं, जावयांना विचारा’ असं लिहून पाठवलंय, तेही त्याच पेनाने.

अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही, नाहीतर आला असता ना भांडायला. म्हातारा आहे, नजर अधू असेल. पण आणखी एक पत्र तसलं गेलं की कळणारच. पत्रच नाही पाठवलं तर संशय येईल. मग मी काय केलं, काल दुकान लवकर बंद करून पेनवाल्याकडे गेले. तो घड्याळवाल्याच्या पायरीवर बसतो, डोळ्याला भिंग लावून. निब बघितली त्याने, बराच वेळ बघितली. म्हणाला, "मावशी, ही एकाच हातची निब आहे. दगडावर घासली की परत अशी होत नाही. विचार करा."

मी म्हटलं, "मला अशी नकोच आहे. घास."

घासली. चार रेघा मारून दाखवल्या, एकदम सरळ. आता कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही.

फक्त हात जरा घसरतो. अ लिहिला की आडवा पडतो. सवय होईल.

तुझी धाकटी


१० फेब्रुवारी

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सगळे डबे उपसून बघितले, फळ्या झाडल्या, इस्त्रीच्या टेबलाखालीही बघितलं. तुम्ही म्हणता तसलं पेन नाही. माझं हे साधं पेन आहे, रेघ बघा, सरळ आहे.

आमच्या ह्यांच्याबद्दल लिहिलंत, बरं वाटलं.

तुम्ही दुसरं पेन घेऊन सवय करा. कागद यायला वेळ आहे अजून.

लाँड्रीवाली बाई


१८ फेब्रुवारी

बये,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात आली, मी गुडघ्यासाठी लेकाकडे गेले होते. त्यांचं दुसरं पत्र मी तीनदा वाचलं. तुझं डोकं कपड्यांबरोबर बंबात घातलंस की काय?

अगं, त्या माणसाला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलंय. जन्मभर अक्षरं बघितली म्हणतो, तुझं पुन्हा पुन्हा बघितलं म्हणतो, आणि लगेच स्वतःच्या निबेची खूण सांगतो. कशाला सांगेल? तुला वाट करून देतोय. कुठे सापडलं विचारणार नाही, असं कोण लिहितं? ज्याला माहीत आहे तोच लिहितो. तुला चोर न म्हणता आपली वस्तू मागतोय बिचारा. आणि तू त्याला काय म्हणालीस, जावयाला विचारा. ज्याच्या घरात तो राहतो त्याच्यावरच ढकललंस.

माझ्या उत्तराला थांबायचं होतंस. लहानपणापासून तुझं हेच, आधी करायचं आणि मग मला सांगायचं.

आजच्या आज खरं लिही. निबेचं पण लिही. कदाचित तोच कोणाकडून नीट करून घेईल. गुडघा तसाच आहे.

ताई


२६ मार्च

काका, नमस्कार.

दीड महिना झाला, तुमचं पत्र नाही. तब्येत ठीक आहे ना? प्रमाणपत्रांचं काम झालं का? दुसरं पेन बसलं का हाताला?

मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तीनदा लिहायला बसले आणि फाडलं. तुमचं पत्र आलं की लिहीन. दोन ओळी तरी पाठवा.

लाँड्रीवाली बाई


१४ एप्रिल

बाई, नमस्कार.

उशिराबद्दल माफ करा. तब्येत बरी आहे. लिहायला मन होत नव्हतं, एवढंच. हे मुलीच्या बॉलपेनने लिहितोय, अक्षर लागलं नाही तर चालवून घ्या.

तुम्हाला जे सांगायचं आहे ते मला ठाऊक आहे, तेव्हा त्याचा त्रास घेऊ नका. तुमचं पहिलं पत्र पाकिटातून अर्धं बाहेर काढलं आणि माझं पेन मला दिसलं. ‘पेन नव्हतं’ हे त्यानेच लिहिलं होतं. खरं सांगतो, मला हसू आलं. मग दुसरं पान वाचताना वाटलं, ही बाई मन लावून शिकली आहे. प्रत्येक अक्षराला माझाच कल, पण हात तिचा. मी जन्मात कोणाला शिकवलं नाही, कारकून होतो. ते पत्र मी उशाशी ठेवलं होतं.

सरळ लिहायला हवं होतं की बाई, पेन द्या. पण तसं लिहिलं की तुम्ही खोट्या ठरता, आणि माझ्याच्याने ते होईना. म्हणून खूण लिहिली, म्हणजे तुम्हाला कळेल की मला कळलंय, आणि न बोलता सगळं निभावेल. तुम्ही ते पाठवाल अशी खात्री होती. टेबलावर शाईची दौत आणून ठेवली होती.

मग तुमचं दुसरं पत्र आलं. त्यात शेपटं नव्हती. आधी वाटलं, बाईंनी वेगळं पेन घेतलं, म्हणजे माझं पार्सलात येतंय. दोन दिवस मी पोस्टमनची वाट बघितली. मग नातवाचं भिंग घेऊन बसलो. रेघ सुरू होताना त्या पेनाचा एक बारीक ओरखडा उठतो, तो होता. पेन तेच होतं. निब घासली होती.

मुख्याध्यापिकांना मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी नावं छापून घेतली. सुबक दिसतात. टेबल आता दुधाच्या पिशव्यांपाशी आहे. काम आलंय हे मुलीने ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना आता तीच काही काही सांगत असते, बाबांच्या डोळ्यांना त्रास होतो वगैरे.

जावयांना मी काही विचारलं नाही, ते तुम्हाला माहीत असावं.

तुमच्यावर राग नाही. आडवळणाने लिहायची सवय मला नडली. पेन तुमच्याकडेच राहू द्या.

मोतीकाका


३ मे

ताई,

मी मोतीकाकांकडे जाऊन आले. तू म्हणालीस पत्र लिही, पण लिहायला हात राहिलाय कुठे. सकाळची गाडी पकडली. काय काय बोलायचं ते बसमध्ये सगळं जुळवलं होतं. तुम्ही एकदा सरळ मागितलं असतं काका, तर मी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस रडले असते आणि दिलं असतं. एवढं सभ्य कशाला वागलात? हे सुद्धा बोलणार होते. माझी लबाडी आणि तुमचा भिडस्तपणा, दोघांनी मिळून त्या पेनाचं वाटोळं केलं, असं.

तिसऱ्या मजल्यावर घर. मुलीने दार उघडलं, मी कोण ते तिला कळेना. मी तोंड उघडायच्या आत ते आतून म्हणाले, आमच्या जुन्या लाँड्रीच्या बाई आहेत, इकडे कामाला आल्या असतील. मला बघून ओळखलं, आणि मी काही खरं बोलायच्या आधीच मला सावरून घेतलं. जावयाने पाण्याचा पेला आणून दिला. साधा माणूस आहे ताई. म्हणाला, तुमच्यासारखी इस्त्री इथे कोणाला जमत नाही. मी पेल्यातच बघत राहिले.

त्यांची जागा म्हणजे मधल्या खोलीत एक कॉट. उशाला चष्मा, खाली चपला. मुलगी चहा ठेवायला आत गेली, जावई नातवाला घेऊन खाली गेला. मी पिशवीतून पेन काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. जुळवलेलं सगळं गेलं. "घ्या," एवढंच म्हटलं.

त्यांनी टोपणावरून अंगठा फिरवला. दौत कुठूनतरी काढली, शाई भरली, निब पुसली, सगळं सावकाश. कालचा पेपर घेतला आणि कडेच्या कोऱ्या जागेत एका मुलीचं नाव लिहायला लागले, प्रमाणपत्रावर लिहितात तसं, कुमारी वगैरे. मी समोरच होते. हात थरथरत होता आणि पेन त्याला धरून ठेवत नव्हतं. रेघ निघाली की भलतीकडे जायची. आडनाव तर अर्ध्यात खालच्या बातमीवर उतरलं. त्यांनी ते पूर्ण केलं तरी. मग बराच वेळ बघितलं.

पेन बंद केलं आणि म्हणाले, "मस्त चालतंय बाई. अगदी पहिल्यासारखं."

मी आयुष्यात इतकं खोटं बोललेय ताई, गिऱ्हाइकांशी, तुझ्याशी, त्यांच्याशी तर दोन दोन पानं. पण असं खोटं मला कोणी बोललं नव्हतं. मला तिथे ओरडायचं होतं की मला दिसतंय, मी बसलेय ना समोर. मी म्हटलं, "बरं झालं."

आतून कपांचा आवाज आला तशी त्यांनी पेपराची घडी घातली आणि गादीखाली सारली.

मुलगी चहा घेऊन आली. पेन बघितल्याबरोबर तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. म्हणाली, बाबा, सापडलं? मग पुढच्या वर्षी प्रमाणपत्रं तुम्हीच करायची. मी मुख्याध्यापिकाबाईंना आजच सांगून ठेवते.

ते माझ्याकडे बघत नव्हते.

"करू की," म्हणाले.

तुझी धाकटी